खिडकीजवळची पेटी

१

रंगुबाईच्या पदराची गाठ सोडली तेव्हा तिच्यातून जायफळ, हळकुंड आणि तळहातात मावेल एवढी सहाण निघाली. आतल्या खोलीत तिचा नातू नुकताच गेला होता. त्या पोराला जगात येऊन आठवडाही झाला नव्हता, नाव ठेवायचंही राहिलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला कुणालाच वेळ लागला नाही. म्हातारीनं चोरून गुटी चाटवली आणि पोर मारलं, असं रुग्णालयाच्या जिन्यावरच ठरून गेलं. तिचा मुलगा रामहरी तिच्याशी बोलायचा बंद झाला आणि ती जिन्याखाली पोतं अंथरून बसली ती उठेचना.

हे सगळं मला फोनवर डॉ. रविराजनं सांगितलं. रविराज एकेकाळी माझा विद्यार्थी होता. आता नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळ त्याचं स्वतःचं तान्ह्या बाळांचं रुग्णालय आहे.

"मॅडम, तुम्ही एकदा येऊन जा. थंडी पडल्यापासून हे पाचवं बाळ. पाचांच्याही रक्तात एकच जंतू, क्लेब्सिएला."

"औषधं कोणती चालतात त्याच्यावर?"

"चालत नाहीत. रिपोर्टमध्ये वरपासून खालपर्यंत तेच. फक्त एक कोलिस्टिन उरलंय."

मी पुष्पावती गुंजाळ, सूक्ष्मजंतूंची डॉक्टर. बाकीचे डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसतात, आम्ही काचेच्या बशीत उगवलेल्या जंतूंपाशी बसतो. निवृत्त होऊन नगरात राहते. पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीचा कंडक्टर नगरच ओरडतो आणि माझ्याही तोंडी तेच आहे. माझा स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. मला घाईघाईनं ठरवलेला गुन्हेगार आवडत नाही, एवढंच.

"आणि मॅडम," रविराजचा आवाज उतरला, "हे जुळ्यातलं गेलं. त्याची बहीण अजून आत आहे. अजून तरी तिला काही नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तेव्हा हात बाहेर काढवत नव्हता. उसाच्या फडांवर धुकं होतं, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून, धूर निघत होता. रामहरी आणि त्याची बायको सुकन्या अशाच एका कोपीतून आलेले. मूळचे पाथर्डीकडचे. दिवस भरण्याआधीच सुकन्या फडात अडली आणि जुळं झालं.

रुग्णालयाची मुख्य खोली म्हणजे सहा वॉर्मर. येणाऱ्या बायका त्यांना पेटी म्हणतात. वर तापलेली कांडी, खाली उघडं बाळ. ऊब पेटीपुरतीच, बाकी खोली गारठलेली, कारण खोली तापवायचं यंत्र बंद पडलं होतं. चार पेट्या आत, सिस्टरच्या टेबलाजवळ. दोन पूर्वेच्या खिडकीपाशी, त्यांतल्या एकीत जुळ्यातली बहीण. कोपऱ्यात सातवी, जादा पेटी, नवं बाळ आलं तर लगेच ठेवता यावं म्हणून कायम तापवून ठेवलेली.

"गेलेली पाचही बाळं कुठल्या पेट्यांत होती?" मी विचारलं.

रोहिणी सिस्टरनं हातानं आतल्या चार पेट्या दाखवल्या. चाळिशीची, सडसडीत बाई. धुवून धुवून हातांना भेगा पडल्या होत्या. या खोलीचा सगळा कारभार तिचा. "खिडकीजवळ एकही नाही, मॅडम."

"त्याला कारण आहे," रविराज मध्येच म्हणाला. "खिडकीतून गारवा येतो. जरा वजनदार, दणकट बाळं तिथे ठेवतो. नाजूक असतात ती आत. साहजिकच आतली जास्त जातात."

उत्तर शहाण्या माणसाचं होतं, म्हणून तेवढ्यापुरतं मी मानलं.

मग मी माझं काम सुरू केलं. नळ, बेसिन, सलाईन, सगळ्यांचे हात, फरशी पुसायचं फडकं, रंगुबाईचं जायफळ, सगळ्याचे नमुने घेतले. बाळांना रोज तेल लावतात म्हणून तेही सोडलं नाही. प्रत्येक बाळाची खोबरेल तेलाची वेगळी लहान बाटली होती, वर आईच्या नावाची चिठ्ठी. चांगली पद्धत. फक्त आतल्या बाळांच्या चिठ्ठ्यांवरची शाई फुटली होती आणि एक तर गळूनच पडली होती, त्यामुळे कोणती बाटली कुणाची हे रोहिणीलाच विचारावं लागलं. खिडकीतल्या दोन बाटल्यांवरची नावं मात्र कोरीकरकरीत. मी प्रत्येक बाटली हळूच तिरकी करून वरचं तेल कुपीत ओतून घेतलं. छान धार पडली.

कोपऱ्यातल्या जादा पेटीच्या चादरीवर एक गोल ओला डाग दिसला. "हे काय?" म्हणेपर्यंत चांगुणाबाईनं चादर ओढून नवी घातलीसुद्धा. चांगुणाबाई तिथली आया. "पानी सांडलं आसंल, बाई," ती म्हणाली. "तुमी येनार म्हनून सकाळधरनं आवरतोय आमी. पाव्हनं येनार म्हनल्यावर घर आवरत्यातच की!"

खोली खरंच लखलखत होती. निघताना मी एकच हुकूम सोडला. मोबाईल आत आणायचे नाहीत, कुणीच नाही, डॉक्टरनंही नाही. मोबाईल म्हणजे खिशात घातलेली चप्पल.

त्या हुकमाचा पुढे मला स्वतःलाच पश्चात्ताप होणार होता.

३

जिन्याखाली रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. समोर ठेवलेला चहा तसाच, वर साय आलेली. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले तशी ती आकसली.

"पोलिसात देनार का मला?"

"मी पोलीस नाही. खरं सांगा, गुटी चाटवलीत?"

"व्हय." तिनं लपवलं नाही. "पोराला पाजायला म्हनून आत जाऊ द्यायचे सुकन्याला, तिच्यासंगं म्या जायची. बोटावर उगाळून दिली. आमच्यात समद्यांना देत्यात. माझ्या रामहरीला दिली, त्यो वाढला न्हाई का?"

"कुणाला दिलीत? नातवालाच?"

"दोघास्नी. नातीला दिली न्हाई म्हनून पाप कशाला घ्यू?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढ्याशा जिवाला मळक्या सहाणेवरचं चाटवायचं म्हणजे वेडेपणाच. पण वेडेपणा वेगळा आणि खून वेगळा. तीच आजी, तेच बोट, तीच सहाण, आईचं दूधही तेच. मग भाऊ गेला आणि बहीण धडधाकट का?

"दोघांत दणकट कोण होतं?"

"पोरगा. पोरगी म्हंजी नुसतं चिमनीचं पिल्लू."

मी उठलेच. "मग चिमणीचं पिल्लू खिडकीत आणि दणकट पोरगा आत, हे कसं?"

रंगुबाईनं मान खाली घातली. "आत एकच पेटी मोकळी हुती. डाक्टर म्हनले, पोरगी बारकी हाय, तिला उबेला ठिवू. म्या त्यांच्या पाया पडले. म्हनलं, पोराला ठिवा. पोरगी काय, जगती कशीबी."

बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्या म्हातारीला त्या घडीला आणखी कशाची गरज नव्हती. रविराजचं शहाणपणाचं उत्तर मात्र तिथंच कोसळलं. नाजूक बाळं आत असतात म्हणून जातात, हे खोटं. सगळ्यांत नाजूक बाळ खिडकीत होतं आणि ते जिवंत होतं.

खाली औषधांच्या दुकानात हनुमंत होता. औषधं नकली आहेत अशी कुजबुज त्याच्याबद्दलही होती. त्यानं न विचारता खोकीच्या खोकी माझ्यापुढे मांडली. "तपासा मॅडम, काय तपासायचं ते. लेकरं मेल्याली मला बघवत न्हाईत. पन एक सांगतो, म्या इकत्यालं औषध खोटं न्हाई. दुखनंच लई हुशार झालंय."

"कोणतं औषध जास्त खपतं?"

"मेरोपेनेम. समद्यात मोठं. पेटीतलं लेकरू जरा मलूल दिसलं की तासाभरात वरून चिठ्ठी येती. रिपोर्ट आल्याला आसो नसो."

"कोलिस्टिन आहे?"

"हाय. पडून हाय. डाक्टर म्हनत्यात, किडनीला वंगाळ. लईच अडलं तर मागत्यात."

४

मी जिना चढून थेट रविराजच्या खोलीत गेले.

"रिपोर्ट हातात नसताना सरसकट सगळ्यांत मोठं औषध? हे मी शिकवलं होतं तुला?"

तो थकलेला होता, चिडला. "मॅडम, तुम्ही जंतूंच्या बशीसमोर बसता. मी नातेवाइकांसमोर बसतो. बाळ दगावलं आणि मोठं औषध दिलेलं नसलं, तर लोक काचा फोडतात. दिलेलं असलं, तर निदान म्हणता येतं की सगळं केलं."

"आणि त्या औषधानं साधे, भोळे जंतू मरतात. जे त्यालाही दाद देत नाहीत, तेवढे उरतात आणि त्यांचंच राज्य होतं. हळूहळू तुझ्या खोलीत फक्त निर्ढावलेले उरलेत, रविराज. या मारेकऱ्याला चिलखत तू घातलंस."

खिडकीबाहेर उसाची बैलगाडी चालली होती, तिचा कर्रर्र आवाज तेवढा येत राहिला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"पण चिलखत घालून तो येतो कुठून?" शेवटी त्यानंच विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. नमुने घेऊन मी नगरला परतले. दोन दिवसांनी माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून उत्तरं आली. सलाईन स्वच्छ. नळ स्वच्छ. हनुमंतची औषधं अस्सल. सहाणेवर जंतूंची जत्रा भरलेली, पण क्लेब्सिएला त्यात नव्हता. बेसिनच्या जाळीत तो थोडा सापडला, पण बेसिन पेट्यांपासून लांब. सगळ्यांचे हात स्वच्छ. तेलाच्या बाटल्याही स्वच्छ.

म्हणजे रंगुबाई सुटली आणि मी अडकले.

रविराजला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "निदान रामहरीला सांगतो, आईशी बोल म्हणून. आणि मॅडम, मुलगी ठीक आहे. काल तिला आत घेतलं. रामहरी हात जोडून म्हणाला, आता हे एकच राहिलंय, गारठ्यात नको. भावाची पेटी नीट पुसून तिथेच ठेवलंय."

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता येईना.

त्या दुपारी डोकं भणभणत होतं म्हणून न्हायचं ठरवलं. खोबरेलची बाटली उलटी केली. काही पडेना. तेल थिजून पांढरं, दगडासारखं झालं होतं. दर हिवाळ्यात होतं तसंच. सवयीनं मी बाटली गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी केस सोडून बसले.

आणि बसल्या जागेवरून मी ताडकन उठले.

परवा सकाळी, माझ्या इथल्याहून गार खोलीत, सगळ्या बाटल्यांतून तेल कसं पडलं होतं? छान धार धरून. खिडकीतल्या बाटल्यांचं समजत होतं, पूर्वेचं ऊन थेट त्यांच्यावर. पण आतल्या? त्यांच्याकडे ऊन पोहोचत नव्हतं. त्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई फुटली होती, कारण त्या भिजत होत्या. आणि तापलेल्या रिकाम्या पेटीत चादरीवर एक गोल ओला डाग होता, तांब्याच्या बुडाएवढा.

मी रविराजला फोन लावला. बंद. रोहिणीला लावला. बंद. मोबाईल आत आणायचे नाहीत. माझाच हुकूम, आणि मुलं कशी आज्ञाधारक!

शेवटी हनुमंतनं उचलला.

"पळ वर," मी ओरडले. "जुळ्यातल्या पोरीला तेल लावू देऊ नकोस. सिस्टरला विचार, तांब्या कुठाय."

"कोनता तांब्या?"

"विचार म्हणते ना!"

जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या, दार ठोठावलं, बोलण्याची कुजबुज. मग तो धापा टाकत परत आला.

"मॅडम, तेल सकाळीच लावलंय म्हनत्यात. अन् रोहिणीताई विचारत्यात, तांब्याचं तुमाला कुनी सांगितलं?"

५

मिळेल त्या गाडीनं मी बेलापूर गाठलं. मुलगी आतल्या पेटीत शांत झोपली होती. बोट लावलं की मूठ घट्ट मिटत होती. चिमणीचं पिल्लूच ते. काचेपलीकडे सुकन्या उभी होती, एक हात छातीशी धरून, जणू तिथे अजून कुणीतरी आहे.

रविराजच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. रोहिणी, चांगुणाबाई, हनुमंत. टेबलावर मी स्टीलचा तांब्या ठेवला. चांगुणाबाईनं तो रोजच्यासारखा आणून दिला होता, अर्धा भरलेला.

"हा कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून," रोहिणी म्हणाली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. "तेल थिजतं. कपाटातनं काढलं की बाटली या पाण्यात ठेवायची आणि तांब्या जादा पेटीत. पाणी कोमट राहतं दिवसभर. खिडकीतल्या बाटल्या उन्हात विरघळतात, त्यांना लागत नाही."

"पाणी बदलता?"

"कमी झालं की भर घालतो. उकळून गार केलेलंच असतं, मॅडम. घरी नाही का आपण करत?"

घरी करतो. प्रत्येक घरात करतो. म्हणूनच मला ते दिसलं नव्हतं.

"परवा हा कुठे होता?"

"आतल्या मोरीत ठिवला हुता," चांगुणाबाई म्हणाली. "पाव्हन्यांफुडं तांब्या बरा दिसतो का?"

"पण मॅडम," रविराज म्हणाला, "तेल तुम्हीच तपासलंत. स्वच्छ होतं."

"मी वरचं तेल तपासलं." हे सांगताना मला लाज वाटली. मी मुलीची बाटली उचलली आणि औषधांच्या फ्रीजमध्ये उभी ठेवली. "बसा. चहा मागव."

चहा आला, संपला. मग मी फ्रीज उघडून बाटली काढली आणि उजेडासमोर धरली. तेल गोठून पांढरं झालं होतं. पण बुडाशी, त्या पांढऱ्याच्या खाली, करंगळीच्या नखाएवढं काहीतरी पारदर्शक हलत होतं.

"पाणी गोठलं नाही," हनुमंत हळूच म्हणाला.

"बाटल्या तांब्यात तरंगतात, कलंडतात. सैल झाकणातून थेंब थेंब आत जातो. तेल वर, पाणी तळाला. मी बाटली तिरकी करून वरचं ओतलं, मला नुसतं तेल मिळालं. पण तेल लावताना तुम्ही काय करता?"

रोहिणीनं नकळत हात पुढे केला, मूठ उलटी केली आणि हवेतली बाटली दाबली. मग तो हात तसाच राहिला. उलट्या बाटलीतून सगळ्यात आधी तळहातावर काय पडतं ते तिला कळलं होतं.

"दिवसभर कोमट पाणी," मी म्हणाले. मला तिच्याकडे बघवेना, मी तांब्याकडे बघत बोलले. "जंतूला याहून चांगलं घर नाही. बेसिनमधून एकदा शिरला असेल, कुणाच्या तरी ओल्या हातावरून. दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाची कातडी कागदाहून पातळ. त्यात सलाईनची सुई. पाणी तिथंच चोळलं जातं. मग हात धुता तुम्ही, म्हणून हात स्वच्छ मिळाले."

"गार तेल कसं लावायचं त्यांच्या अंगाला," रोहिणी पुटपुटली. "दचकतात हो ती."

मग ती टेबलाची कडा धरून हळूच खाली बसली. चांगुणाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दारात आवाज झाला. दुसरी सिस्टर उभी होती.

"सर, जुळ्यातली पोरगी दूध ओढत नाहीये."

६

रविराज माझ्याकडे बघत राहिला. "मेरोपेनेम सुरू करतो."

"नको."

"मॅडम, तिचा भाऊ—"

"भाऊ त्यातच गेला. दोन दिवस तू त्याला तेच देत होतास आणि जंतू हसत होता. रिपोर्ट येईपर्यंत वेळ गेली. आता आपल्याला तो कोण आहे हे माहीत आहे. आधी रक्त घे, मग थेट कोलिस्टिन. हनुमंत, आण."

"किडनी…"

"लघवीवर नजर ठेव, डोस वजनाप्रमाणे मोज. आणि रिपोर्टमध्ये दुसरंच काही निघालं तर त्याच दिवशी बंद कर. घाबरून चालू ठेवायचं नाही."

बोलताना माझा आवाज तेवढा ठाम होता. जन्मभर मी बश्यांवर निर्णय दिले. बशीला आई नसते. मी चुकले असते तर काचेपलीकडची ती सुकन्या मला पुन्हा बघावी लागली असती.

पुढचे दिवस मी नगरला गेले नाही. रुग्णालयातच एका बाकावर झोपत होते. पोरगी निळसर पडली, श्वास विसरायला लागली, नळी घातली. रक्तात तोच निघाला, तळाच्या पाण्यातही तोच. एका दुपारी तिनं नळीला वैतागून तोंड वेडंवाकडं केलं आणि एवढीशी किरकिरली. रविराज खोलीबाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवसापासून, रक्त घेतल्याशिवाय आणि खरंच गरज असल्याशिवाय मोठ्या औषधाची चिठ्ठी हनुमंतकडे गेली नाही. काचा अजून तरी कुणी फोडलेल्या नाहीत. फुटणारच नाहीत असं मी म्हणत नाही.

एक काम उरलं होतं. पाचही घरी सांगायचं. रविराज म्हणाला, पत्र पाठवू. रोहिणी म्हणाली, नको, मी जाते. सगळ्यात जवळचं घर जिन्याखाली होतं.

रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं. रामहरी शेजारी उभा होता, मान खाली घालून. रोहिणीनं काही लपवलं नाही, तांब्याही नाही, स्वतःचे हातही नाहीत. मला वाटलं म्हातारी आता तिच्या अंगावर धावून जाईल, आणि खरं सांगते, मी अडवलं नसतं.

"म्हंजी खिडकीत हुता आस्ता तर ऱ्हायला आस्ता," रंगुबाई शेवटी म्हणाली.

रोहिणी तिच्यासमोर फरशीवर खाली बसली.

"म्याच पाया पडले डाक्टरच्या. पोराला उबेला ठिवा म्हनून." ती आपल्या हातांकडे बघत होती. "पोरगी टाकली गारठ्यात, ती ऱ्हायली. ज्याला जीव लावला त्यो गेला."

"आये," रामहरी म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून ते आलं. मग तो तिच्याजवळ पोत्यावर बसला.

रोहिणी जायला उठली, तेव्हा म्हातारीनं तिचा हात धरला. तो भेगाळलेला हात तिनं उलटासुलटा करून पाहिला, बाजारात वस्तू पाहावी तसा.

"बाई, येक सांग. शेवटी तेल लावलंस तवा त्येला, तुजा हात ऊन हुता का?"

"हो," रोहिणी म्हणाली. "ऊन होता, आजी."

"मग त्येला गार लागलं न्हाई."

तिनं हात सोडला. पदरानं तोंड पुसलं आणि इतक्या दिवसांनी चहाचा कप उचलला. तो कधीचा थंड झाला होता, तसाच प्यायली.

मी वर गेले. मुलीला पुन्हा खिडकीजवळच्या पेटीत हलवलं होतं. काचेशी तिच्या नावाची नवी बाटली उभी होती, आणि आभाळ भरलेलं असल्यामुळे तिच्यातलं तेल अजून थिजलेलंच होतं. चांगुणाबाई स्टूल घेऊन तिथे बसली होती.

"काय करताय?" मी विचारलं.

"उनाची वाट बघतीया, बाई," ती म्हणाली. "यील की."